नदी कोणाच्या पायाखालून वाहते?



भूतलावर संचार करा आणि पूर्वी होऊन गेलेल्या लोकांचा शेवट काय झाला ते पाहा, असे आवाहन पवित्र कुरआन एकदा नव्हे, वारंवार करतो. सूरह आले-इम्रान, सूरह रूम, सूरह मोमिन अशा अनेक अध्यायांत हा आदेश आढळतो. आज आपल्या समाजातील काही कुटुंबे इजिप्तला, म्हणजेच कुरआनातील ‘मिस्र’ला, जाऊ लागली आहेत. तेथे लक्सर ते अस्वान या पट्ट्यातील प्राचीन मंदिरे आणि थडगी नाईल नदीतून प्रवास करीत पाहता येतात. ज्यांना परवडते ते एका कुटुंबापुरती ‘दहबिया’ भाड्याने घेतात. दहबिया म्हणजे दोन शिडांची लांबट नौका. या अरबी शब्दाचा अर्थच ‘सोनेरी’ असा आहे. अशा प्रवासाने कुरआनचा तो आदेश पाळला जातो काय, हा प्रश्न आपण शांतपणे विचारात घेतला पाहिजे.

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे दिली जातात. काही जण म्हणतात, मूर्तिपूजकांच्या त्या वास्तूंकडे श्रद्धावंताने फिरकूच नये. ते त्या हदीसचा आधार घेतात, जिच्यात तबूकच्या मोहिमेवर जाताना प्रेषित मुहम्मद (स.) समूद लोकांच्या हिज्र या वस्तीजवळून गेल्याचे वर्णन आहे. प्रेषितांनी (स.) सहाबांना बजावले की, अत्याचाऱ्यांच्या घरांत रडत रडत गेलात तरच जा, अन्यथा जाऊ नका. मग त्यांनी आपले मस्तक झाकून घेतले आणि वाहनाचा वेग वाढवला. दुसरे म्हणतात, हे सारे जुने दगड आहेत. पाहावे, छायाचित्रे काढावीत आणि परतावे.

नीट पाहिले तर या हदीसमध्ये डोळे मिटण्याचा नव्हे, तर हृदय जागे ठेवण्याचा उपदेश आहे. आपल्या पूर्वसुरींनी हे जाणले होते. बगदादचे विद्वान वैद्य अब्दुल लतीफ (1162–1231) यांनी मिस्रमधील प्राचीन अवशेष बारकाईने पाहिले, त्यांच्या शिल्पकौशल्याची मनमोकळी प्रशंसा केली आणि ते अवशेष नष्ट करणाऱ्यांविषयी खेद व्यक्त केला. त्याच ग्रंथात त्यांनी 1200 नंतर नाईलला पुरेसे पाणी न आल्याने पडलेल्या भीषण दुष्काळाचेही वर्णन केले आहे. ग्रंथाच्या अरबी नावातच ‘एतिबार’ म्हणजे बोध घेणे हा शब्द आहे. दगडांचे सौंदर्य पाहणाऱ्या त्याच डोळ्यांनी भुकेने मरणारी माणसेही पाहिली. बोध घेणारी दृष्टी ती हीच.

परंतु बोध कोणता? फिरऔन बुडाला, त्याचे सोने येथेच राहिले, एवढा बोध तर बालकही सांगेल. राजांच्या दरीत 1922 साली तूतनखामूनचे थडगे सापडले, तेव्हा त्यातून 5000 हून अधिक वस्तू निघाल्या. मालकाने त्यांतली एकही सोबत नेली नाही. हे खरेच आहे. पण मृत राजाकडे बोट दाखविण्यात धोका असा, की आपण स्वतः निर्दोष ठरतो. शिवाय तेथील प्रत्येक दगड मूसा (अ.) यांच्या काळातील फिरऔनचा नाही. एडफूचे भव्य मंदिर इ.स.पू. 237 ते 57 या काळात, ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या अमदानीत बांधले गेले, म्हणजे मूसा (अ.) यांच्यानंतर कित्येक शतकांनी. कुरआनने त्या फिरऔनचे व्यक्तिनाव सांगितलेले नाही. आणि यूसुफ (अ.) यांच्या काळातील मिस्रच्या शासकाला कुरआन ‘फिरऔन’ म्हणत नाही, ‘मलिक’ म्हणजे राजा म्हणतो. त्या राजाने स्वप्नाचा अर्थ नम्रपणे ऐकला आणि येणाऱ्या दुष्काळासाठी धान्याची कोठारे एका विश्वासू माणसाच्या स्वाधीन केली. देश तोच होता, नदीही तीच होती.

मग फिरऔनपण कशात होते? सूरह जुखरुफ याचे उत्तर देते. फिरऔनने आपल्या लोकांत पुकारा केला की, मिस्रचे राज्य माझेच नाही काय आणि या नद्या माझ्या पायाखालून वाहत नाहीत काय? त्यापुढे जाऊन त्याने मूसा (अ.) यांना तुच्छ लेखले, यांच्या हाती सोन्याची कंकणे का नाहीत, असे विचारले. नदीला ‘माझी’ म्हणणे आणि माणसाची किंमत सोन्यावरून ठरविणे, या दोन गोष्टींत त्याचा सारा तकब्बुर सामावला आहे.

आता वाचकहो, त्या सोनेरी नौकेच्या सज्जावर स्वतःला बसलेले पाहा. नदी खरोखरच पायाखालून वाहत आहे. नौका केवळ आपल्यासाठी आहे. शीड ओढणारा, चुलीपाशी घाम गाळणारा, रात्री जागणारा, सारे आपल्या इशाऱ्याची वाट पाहत आहेत. येथे सुख भोगणे हराम ठरत नाही. हलाल कमाईचे सुख ही अल्लाहची देणगी आहे. परंतु ‘पैसे मोजले आहेत, आता हे सारे माझे’ हे वाक्य मनात उमटले की ती जुनी घोषणाच पुन्हा ऐकू येते.

लक्सरच्या पश्चिम तीरावर देर अल-मदीना नावाची एक वस्ती आहे. राजांची थडगी कोरणारे व रंगविणारे कारागीर तेथे राहत. इ.स.पू. 12व्या शतकात, रामसेस तिसरा याच्या राजवटीच्या 29व्या वर्षी, वेतनाचे धान्य वेळेवर न मिळाल्याने त्यांनी काम थांबविले आणि बाहेर येऊन धरणे धरले. आम्ही भुकेले आहोत, हे त्यांचे गाऱ्हाणे एका पपायरसवर नोंदले गेले. तो इटलीतील तुरीन येथे जतन केलेला आहे. थडग्यातील निळ्या छताखाली उभे राहाल, तेव्हा त्या भुकेल्या हातांचीही आठवण ठेवा. मजुराची मजुरी त्याचा घाम सुकण्यापूर्वी द्या, असे आमचे प्रेषित (स.) सांगून गेले.

आपल्या कोकणातील कितीतरी घरांत आजोबा-पणजोबा जहाजांवर सारंग, टंडेल, खलाशी म्हणून राबले. डेकवरून मालकाकडे पाहणारी नजर आपल्या घराण्यांना ठाऊक आहे. म्हणून नाविकाला ‘ए’ म्हणून हाक मारू नये, त्याचे नाव विचारावे. ठरलेले वेतन त्याच्या हाती पोहोचते का, याची चौकशी करावी. बक्षिसी म्हणजे उपकार मानू नये. संग्रहालयात राजांची शवे पाहतानाही हसू-खिदळू नये. एका यहुदी माणसाची अंत्ययात्रा जाताना प्रेषित (स.) उभे राहिले होते आणि तोही एक जीवच नव्हता काय, असे त्यांनी विचारले होते.

आणि ज्यांना मिस्रला जाणे कधीच शक्य नाही, त्यांनी खंत करू नये. घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईचा पगार महिन्याच्या कोणत्या तारखेला दिला जातो, याचा हिशेब ज्याने प्रामाणिकपणे तपासला, त्याने घरबसल्याच त्या आदेशाचा मोठा भाग पाळला. अल्लाह आपणा सर्वांना पाहणारे डोळे आणि नमणारे हृदय देवो. आमीन.