चिवळीचे शेंडे

होळी आठवड्यावर आली की बडनेरा स्टेशनाबाहेर मेळघाटची माणसं दिसू लागतात. हरभरा सोंगायला, विटा पाडायला, कुठल्या तरी शहरात बांधकामावर खपायला गेलेली कोरकू कुटुंबं. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं. गाडीतून उतरतात आणि पुढच्या बसची वाट पाहत सावलीत बसतात. होळी हा त्यांचा सगळ्यांत मोठा सण. मजुरी बुडाली तरी चालेल, पण होळीला गावात असायचंच.

परवा अशाच एका घोळक्यातली म्हातारी गळक्या नळापाशी बसली होती. नळाच्या ओलीवर चिवळ पसरली होती. म्हातारी एकेक शेंडा खुडून पदरात टाकत होती. बऱ्याच वेळानं थांबली, पदर बांधला आणि उठली. अर्ध्याहून जास्त चिवळ तशीच उभी होती. आमच्या वऱ्हाडात ऐन उन्हाळ्यात चिवळीची भाजी म्हणजे चैन, म्हणून मला राहवलं नाही. विचारलं, "माय, बाकीची काहून सोडली?"

ती हसली आणि नातीकडे पाहून तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली. नात धारणीला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आजीला घ्यायला आली होती. तिनं मला सांगितलं, "आजी म्हणते, मूळ राह्यलं तं मांगून येनाऱ्याले भेटन."

मागून येणारा कोण, ते म्हातारीला ठाऊक नव्हतं. ना तिचं गाव, ना तिचं रान. परक्या स्टेशनाबाहेरचा गळका नळ होता तो. तिथून ती पुन्हा कधी जाईल याचाही भरवसा नाही. तरी तिचा हात जिथे थांबायला हवा तिथेच थांबला.

त्याच संध्याकाळी पुतण्याची पदवी घरी आली. जाड कागद, सोनेरी शिक्का, आणि वर नाव संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचं. हे नाव मी आजवर शेकडो वेळा वाचलं असेल, पण त्या दिवशी त्यावर नजर थांबली. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी, तेच पुढे गाडगेबाबा. मामाच्या घरी गुरं राखली, शेत कसलं. लिहिणं-वाचणं वाट्याला आलं नाही. आणि आज आमच्या पाच जिल्ह्यांतल्या या विद्यापीठाच्या प्रत्येक पदवीधराच्या कागदावर त्याचं नाव असतं. ज्यांनी कुणी हे नाव सुचवलं त्यांचे मला आभार मानावेसे वाटतात. कारण त्या कागदावर एक प्रश्न कायमचा लिहून ठेवला गेला: तुम्ही काय शिकलात?

बाबांची कीर्तनं म्हणजे प्रश्नच असायचे. दिवसा गावाचे रस्ते झाडायचे आणि रात्री समोरच्या माणसाला विचारत राहायचे. उत्तर त्याच्याच तोंडून यायचं. आणि तेच बाबा लोकांना कळवळून सांगत की पोरांना शाळेत घाला, पोटाला चिमटा घ्या पण शिकवा. शाळा त्यांना कमी लेखायची नव्हती. शाळेत जे शिकवलं जात नाही ते मात्र त्यांच्यापाशी भरपूर होतं. पोरीच्या बारशाला दारू-मटणाचं जेवण घालायची जातीची रीत होती. त्यांनी गोडाचं जेवण घातलं, लोकांचा राग ओढवून घेतला. वडिलोपार्जित रीतीतलं काय धरायचं आणि काय सोडायचं, हा निवाडा निरक्षर माणसानं स्वतःच्या बुद्धीनं केला होता.

बडनेऱ्याहून मेळघाटात जाणारा रस्ता अमरावती ओलांडून वलगावहून परतवाड्याला जातो. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ ला, उपचारासाठी अमरावतीला नेत असताना, गाडीतच बाबांनी प्राण सोडला. होळीला घरी निघालेली कोरकू माणसं त्याच रस्त्यानं जातात. त्यांच्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल? आणि त्यांच्याविषयी आपल्याला तरी काय ठाऊक असतं?

कोरकू या शब्दातच माणूस आहे. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' लागलं की माणसं. मराठी-हिंदीच्या मुलखात राहूनही ही भाषा त्यांच्यातल्या कुणाच्याच नात्याची नाही. तिची भावंडं तिकडे झारखंड-ओडिशात, संथाली आणि मुंडारी. आणि लांबचं नातं थेट कंबोडिया-व्हिएतनामच्या भाषांशी. हे सगळं गोत पाठीशी घेऊन सहा वर्षांचं लेकरू मराठी शाळेच्या पहिल्या वर्गात येऊन बसतं आणि गप्प होतं. पाण्याला, सावलीला, भुकेला त्याच्यापाशी शब्द असतात, पण फळ्यावरचे शब्द वेगळे. ते गप्प आहे म्हणून त्याला मंद समजलं जातं. पहिल्याच दिवशी त्याला उमजतं, आपल्याला येतं ते इथे मोजत नाहीत. पुढे ते शिकतं, पास होतं, नोकरीलाही लागतं. पण घरच्या म्हाताऱ्या माणसाला काही विचारावं, ही सवय तोवर सुटलेली असते. मला या नुकसानाचं फार वाईट वाटतं.

म्हाताऱ्यांचं सगळंच बरोबर, असं मी म्हणणार नाही. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाला तापल्या लोखंडानं डागतात, आणि तो क्रूर प्रकार थांबलाच पाहिजे. तिथे डॉक्टर हवाच. बैरागडसारख्या ठिकाणी रवींद्र आणि स्मिता कोल्हे या डॉक्टर दांपत्यानं आयुष्य काढलं, ते या रानाला त्यांची गरज होती म्हणूनच. आपल्या रीतीला प्रश्न विचारण्याची हिंमत हा शहाणपणाचाच भाग आहे. गाडगेबाबांनी ते बारशाच्या पंगतीत दाखवलं.

पण जे बरोबर आहे त्याला मान मिळाला की काय होतं, ते पाहायला परतवाड्याजवळच्या पायविहिरीला जावं. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. हातात आली ती उजाड जमीन. गावानं एकत्र बसून चराईवर आणि तोडीवर स्वतःच बंधनं घातली, झाडं लावली, सीताफळं जपली आणि ती विकायला मुंबईपर्यंत नेली. २०१४ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या छोट्या गावाला मिळाला. कायद्यातली कलमं वाचायला शिकलेली पोरं लागली असणार, आणि किती तोडायचं, कुठे थांबायचं हे ठरवायला म्हातारी माणसं. एकमेकांवाचून दोघांचंही अडलं असतं.

गडचिरोलीतल्या लेखा-मेंढ्यात तर गावच वर्ग झाला आहे. तिथला अभ्यासगट मला फार आवडतो. गोंडांचं हे गाव ग्रामसभेतला निर्णय सर्वसहमतीनं घेतं, आणि त्याआधी अभ्यासगटात त्या विषयाची चर्चा होते. बाहेरचा जाणकार येऊन बसू शकतो, बोलू शकतो. ठरवतं मात्र गाव. मधमाश्यांवर असाच अभ्यास झाला. पोळं काढताना माश्या मरत, पोळंही जाई. झाडावर चढणारे, माश्यांची चाल ओळखणारे गावातलेच, आणि त्यांच्यासोबत नवं शास्त्र समजून घेणारे. मग माश्या न मारता, मधाचाच तेवढा भाग काढून घ्यायची रीत बसली. बाकी पोळं माश्यांना राहतं. चिवळीचे शेंडे खुडणारा हात आणि हा हात मला एकाच घरातले वाटतात.

आपल्या मराठीत 'शिकलेला' आणि 'जाणता' असे दोन शब्द आहेत. माझी आई गावातल्या भांडणात म्हणायची, कुणी जाणतं माणूस बोलवा. तिनं शिकलेलं माणूस बोलवा असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. पुतण्याच्या पदवीकडे पाहताना मनात आलं, याला बी.एस्सी.त वनस्पतिशास्त्र होतं. चिवळीचं शास्त्रीय नाव तो सांगेल. परीक्षेत ती कितपत खुडावी, असं त्याला कुणी विचारलं नसणार.

स्टेशनावरची गोष्ट थोडी राहिली. बस यायला वेळ होता. मी त्या मुलीला विचारलं, तुमच्या बोलीत चिवळीला काय म्हणतात? ती थोडी ओशाळली. तिला माहीत नव्हतं. तिनं आजीला विचारलं. आजीनं सांगितलं. मुलीनं पिशवीतून वही काढली आणि लिहू लागली. लिहिलं, वाचून दाखवलं. आजीनं मान हलवली. शब्दात कुठेतरी आवाज खाली उतरत होता, आणि तो आमच्या बाराखडीत बसेना. मुलीनं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा वाचलं. आजीनं पुन्हा मान हलवली आणि तो शब्द पुन्हा म्हणाली, अगदी सावकाश, लहान लेकराला घास भरवावा तशी. बस लागली तेव्हा दोघी पायरीवर चढत होत्या. मुलीच्या हातात वही उघडीच होती, आणि आजी पदराची गाठ सांभाळत तोच शब्द पुन्हा सांगत होती.