दहाव्याच्या पानात मी काय वाढलं?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २६. भगवंत मागतो ते फक्त पान, फूल, फळ नाहीतर पाणी. अट एकच, भक्तीने दिलेलं हवं.

हा श्लोक आला की मला आजीचा दहावा आठवतो. येरमाळ्यात येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत माझ्यासोबत चुनखडी वेचायची, एवढीच तिची इच्छा. तीन वर्षं मी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणालो. कधी रिलीज, कधी ऑनकॉल. दहाव्याला मात्र पेढे, नवं लुगडं, शेंगापोळी, सगळं आणलं. कावळा काही शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा केला.

मेलेल्याला काही देणं ही फार जुनी ओढ आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केलं. सुमारे ३००० वर्षांपूर्वी तिथली माणसं लहान मुलाला तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत. सोबत मातीची भांडी. लेकरू घराबाहेर जाऊच नये, असं वाटलं असेल का?

दुसरीकडे चीनचा पहिला सम्राट छिन शी ह्वांग. त्याच्या थडग्याजवळच्या खड्ड्यांत मातीचे हजारो सैनिक १९७४ पासून सापडत गेले. खरे घोडेही पुरले होते. पण हे सगळं त्याच्याच हुकमाने, दुसऱ्यांच्या कष्टांवर. त्यात कुणी मनाने दिलेलं काय होतं?

मला वाटायचं, माझं पान इनामगावच्या भांड्यांसारखं आहे. खरं सांगू? ते सम्राटाच्या जवळचं होतं. मी आजीला देत नव्हतो, स्वतःसाठी शांतता विकत घेत होतो.

म्हणजे दहावा, श्राद्ध व्यर्थ का? नाही. आठवण ठेवायला हात जोडावेच लागतात. पण जिवंतपणी न दिलेल्या वेळेची थकबाकी पिंडाने फिटत नाही. पान-फूल स्वस्त असतं, ते घेऊन स्वतः समोर उभं राहणं महाग असतं. श्लोक तेच मागतो.

पुढच्या चैत्रात मी आईला घेऊन आमराईत गेलो. आजीचं ऋण फेडायला नाही. आई आहे, म्हणून.

आज स्वतःला विचारा : "पुढच्या वर्षी" असं मी कुणाला सांगून ठेवलंय?

आई येडेश्वरीचा उदो उदो!