बेवारस घराचे अकरा वारस

निवृत्त झाल्यावर मी काय काय करू नये याची एक यादी आमच्या सौभाग्यवतींकडे तयार होती. त्यात 'घरं विकत घेऊ नयेत' हे कलम तेवढं नव्हतं. इतकं मोठं काही मला सुचेल असं तिला वाटलंच नव्हतं. माझे फंडाचे पैसे बँकेत पडून होते आणि कोकणात घरं पडून होती. दोघांची गाठ घालून द्यावी म्हणून मी पोलादपूरची एस.टी. धरली.

महाड-पोलादपूरकडे भाताखालोखाल पीक कुलपांचं! माणसं गिरण्यांच्या भरभराटीत मुंबईला गेली. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, पण माणसं मुंबईतच राहिली. गणपतीला आणि शिमग्याला कुलूप निघतं. एरवी घर वाळवीच्या वहिवाटीत.

दलालानं कशेडी घाटाच्या पायथ्याचं एक घर दाखवलं. मंगलोरी कौलं, लांब पडवी, मागे फणस. "बेवारसच समजा, साहेब." ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर मालक म्हणून एक आजोबा होते. ते कधीच निवर्तलेले. घरपट्टी मात्र अजून त्यांच्याच नावानं निघत होती. त्यांची खालची पिढी मोजली तर वारस निघाले अकरा! वारस नसले म्हणून घर पडत नाही, वारस वाढले म्हणून पडतं, हे मला तिथं कळलं. एकानं कौल बदललं की बाकीचे दहा म्हणणार, "बघा, हक्क सांगतोय!" त्यामुळे कौल कोणी बदलत नाही आणि पाऊस कोणाचीही संमती न घेता आत येतो.

"एकेकाला गाठा," दलाल म्हणाला. "एकत्र आले की त्यांना भाव कळतो."

पहिली सही लालबागच्या एका काकींची. वय ऐंशीच्या पुढे. जुलै २०२१ मध्ये तळिये दरडीखाली गेलं, पोलादपूरकडेही दरडी आल्या. त्यातच आपलंही घर गेलं असं त्यांनी धरून ठेवलं होतं. चहा देऊन म्हणाल्या, "पडक्या जागेचे पैसे देताय भाऊ, देव तुमचं भलं करो. कुठं सही करू?"

आता आली का पंचाईत! खोटं मी बोललोच नव्हतो. भाजीवालीनं चुकून दोन रुपये कमी सांगितले तर आपण गप्प बसतो, वर घरी येऊन बायकोला कौतुकानं सांगतो. मग इथंच जीभ का अडखळावी? १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा म्हणतो, विकणाऱ्यानं छुपा दोष सांगावा. आणि विकणाऱ्याला आपला हक्क किती आहे हे ठाऊक नसेल, घेणाऱ्याला असेल, तर त्यानंही सांगावं. पण वाशांचं काय? वासे मी स्वतः मोजले होते, सगळे शाबूत. चौकटीवर कुंकवाची बोटं होती. ती कदाचित ह्याच काकींची असतील, नववधू असतानाची. हे मनात आलं आणि व्यवहार तिथंच बुडाला.

"काकी, घर उभं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "फणस?"

"आहे."

"मग एवढ्याशा पैशांत कसं देणार हो?" म्हणत त्यांनी पुतण्याला फोन लावला. आठवड्याभरात अकराही वारस जागे झाले, महिन्याभरात वाटपाचा दावा महाडच्या कोर्टात गेला. दलाल माझ्याशी बोलत नाही.

परवा निरोप आला, पावसात मागची पडवी बसली. हे काकींना कळवावं की नाही, यावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालू आहे.