गाळलेली ओळ

तौलनिक साहित्यात एम. ए. करून मी जादवपूरहून बाहेर पडले. बुद्धदेव बसूंनी १९५६ साली सुरू केलेल्या त्या विभागात भाषांतरातली एक ओळ गाळली तरी जाब द्यावा लागे. पुढे वर्षभर अर्ज करत फिरले. ‘एवढी शिकलेली मुलगी टिकायची नाही,’ म्हणून कारकुनीही मिळेना. शेवटी बायोडेटातून एम. ए. गाळलं आणि नोकरी लागली.

लिहिलेलं सगळं खरं होतं; वाचणाऱ्याची समजूत मात्र खोटी झाली. म्हणजे हे असत्यच. खरं सांगणाऱ्याला परत पाठवणाऱ्यांचाही त्यात वाटा आहे, पण त्यामुळे माझा कमी होत नाही. आजही एखादं अवघड वाक्य गाळावंसं वाटलं, की तो बायोडेटा आठवतो.