‘आगबोट’ या शब्दाचे कूळ

डॅनिश भाषेत वाफेवर चालणाऱ्या जहाजाला ‘डांपस्कीब’ म्हणतात. ‘डांप’ म्हणजे वाफ आणि ‘स्कीब’ म्हणजे जहाज. मराठीने त्याच वस्तूला ‘आगबोट’ म्हटले, म्हणजे बाष्पकात कोंडलेल्या वाफेपेक्षा तिला भट्टीतला विस्तव महत्त्वाचा वाटला. ‘आगीवर चालणारी बोट’ असा या शब्दाचा विग्रह होतो, आणि मधले ‘चालणारी’ हे पद गळून जात असल्यामुळे व्याकरणात याला मध्यमपदलोपी समास म्हणतात. दोन्ही भाषांत समासाचे लिंग शेवटचे पद ठरवते: ‘स्कीब’ नपुंसकलिंगी, म्हणून ‘डांपस्कीब’ही नपुंसकलिंगी, ‘बोट’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘आगबोट’ही स्त्रीलिंगी.

हा शब्द मिश्र आहे, म्हणून तो अशुद्ध ठरवणारी दृष्टी फार तोकडी आहे. संस्कृत ‘अग्नि’ प्राकृतात ‘अग्गि’ झाला आणि मराठीत ‘आग’. लॅटिनमधील ‘इग्निस’ हे त्याचेच भावंड. ‘बोट’ इंग्रजीतून आली. डॅनिशमधील ‘बॉड’ तिच्याच कुळातला. या जर्मानिक शब्दाचे मूळ ‘फोडणे, चिरणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूत असावे, असे काही भाषाभ्यासक मानतात, कारण पहिल्या नावा लाकडाचा ओंडका कोरून केल्या जात; आणि त्याच धातूचे संस्कृत रूप ‘भिद्’ असून त्यापासून मराठीतील ‘भेद’ आला आहे. हे अनुमान बरोबर असेल, तर ‘आगबोट’ या शब्दात एकाच प्राचीन घराण्याच्या दुरावलेल्या दोन शाखा पुन्हा एकत्र आल्या आहेत.

मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० मध्ये सुएझला गेली आणि पुढील काही दशकांत पश्चिम किनाऱ्यावर आगबोटींची ये-जा वाढली. त्यांपैकी एकीला त्र्यंबकच्या परिसरात उगम पावून पालघर जिल्ह्यातून अरबी समुद्राला मिळणाऱ्या वैतरणा नदीचे नाव मिळाले. तिच्यावर विजेचे दिवे होते, म्हणून लोक मात्र तिला ‘वीजळी’ म्हणत. भट्टीतल्या आगीवरून जातीला नाव देणाऱ्या जनतेने दिव्यांवरून व्यक्तीला नाव दिले, आणि नामकरणाची ही लोकरीत कोशकारांच्या घडणीपेक्षा अधिक नेमकी आहे. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघालेली ‘वैतरणा’ सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सातशेहून अधिक माणसांसह नाहीशी झाली, आणि तिचे अवशेष सापडले नाहीत.