आपला विषय नसताना

महापालिकेची सर्वसाधारण सभा सामान्य माणसाला बसून पाहता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. खाली महापौर, आयुक्त, नगरसचिव आणि नगरसेवक. वर प्रेक्षक गॅलरीत आपण. बोलायची मुभा नाही. घोषणा दिली, तर सुरक्षारक्षक दाराकडे बोट दाखवतो. ज्याच्या करावर हा सगळा कारभार चालतो, त्यानं निर्णय होताना तोंड मिटून बसायचं, अशी ही रीत.

अशाच एका सभेत शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात जपून ठेवलेले कागद: अर्ज, अर्जांच्या पोचपावत्या, वस्तीतल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे. वस्तीच्या जलवाहिनीचा विषय त्या दिवशी कार्यपत्रिकेवर होता. सभा नेहमीप्रमाणे उशिरा सुरू झाली. श्रद्धांजली झाली. मग कसल्याशा फलकावरून गदारोळ झाला, काही नगरसेवक महापौरांच्या आसनापुढे जाऊन उभे राहिले, तासभर त्यातच गेला. जेवणानंतर मात्र नगरसचिव भराभर विषय क्रमांक वाचू लागले आणि खालून ‘मंजूर, मंजूर’चा ठेका धरला गेला. बाई कठड्यावर वाकून ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मला विचारलं, “आमचा कधी यायचा हो?”

त्यांचा विषय केव्हाच होऊन गेला होता.

“झाला? अन् कोणी काही बोललंच नाही?”

काम मंजूर झालं, तरी त्यांचा चेहरा उतरला. एवढे हेलपाटे घातलेल्या प्रश्नाला सभागृहात निदान दोन वाक्यं मिळतील, कोणीतरी वस्तीचं नाव घेईल, एवढीच त्यांची अपेक्षा असावी. निर्णय आपल्या बाजूनं लागला, पण तो लागताना आपल्याला कळलासुद्धा नाही, तर त्याला आपला सहभाग म्हणायचं का?

गावात कायद्यानं चित्र वेगळं आहे. प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य असतो आणि उभा राहून सरपंचाला गटाराच्या पैशांचा हिशेब विचारू शकतो. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल तेवढी संख्या पुरते. पण अनेक गावांत तेवढीही जमत नाही. सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग काय, चार टाळकी जमली तरी गावाचा ठराव होतो. याच महाराष्ट्रात गडचिरोलीचं मेंढा (लेखा) आहे. आधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीनं निर्णय करायचा, ही तिथली पद्धत. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क २००९ साली त्या गावानं मिळवला, तो अशा बैठकांच्या जोरावरच. ग्रामसभा दोन्हीकडे आहे. फरक पडतो तो बसणाऱ्या माणसांमुळे.

शहरांना सरकारनं एवढंही मोकळेपणी दिलं नाही. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीनं मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आणल्या. २००९ साली महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभाही आली, म्हणजे ग्रामसभेचंच शहरी भावंड. पण ती कागदावरून खाली उतरलीच नाही. पुण्यानं २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं. आपल्या भागात बाक हवा, पदपथ हवा, दिवा हवा, हे नागरिकांनी अर्ज भरून सुचवायचं. चांगली गोष्ट, पण कोट्यवधींच्या रस्त्याची आखणी ठरवायला त्या अर्जात रकाना नसतो. त्यासाठी उरतात हरकती आणि सूचना. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती आल्या. सुनावण्या झाल्या. पुढे २०१५ मध्ये राज्य सरकारनं तो आराखडा महापालिकेच्या हातातूनच काढून घेतला. आणि मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर निवडणुकीला २०२६ उजाडलं. मधली जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाच्या एका सहीवर चालला. गॅलरीतून पाहावं असं खाली काही उरलंच नव्हतं.

तेव्हा दोष व्यवस्थेचा आहेच. पण गॅलरीत दिवसभर बसलं की आपलीही एक खोड दिसते. फेरीवाल्यांचा विषय असला की फेरीवाले येतात, रस्तारुंदीचा असला की त्या रस्त्यावरचे दुकानदार येतात, वेतनाचा असला की कर्मचारी येतात. विषय संपला की चपला शोधायची घाई होते आणि पाच मिनिटांत बाकं रिकामी. यात गैर काही नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. मात्र पुढचा विषय कोणीच पाहत नाही, हे खाली बसलेल्यांना नेमकं ठाऊक असतं. गॅलरी भरलेली असते तेव्हा भाषण करणाऱ्याची नजर दोनदा वर जाते, आवाजही चढतो, विभागप्रमुखाला उत्तर द्यायला उठावं लागतं. ती रिकामी झाली की उपसूचना नुसत्या ‘वाचल्या असे समजून’ मंजूर होतात. आयत्या वेळचे विषय तर बहुधा संध्याकाळीच येतात.

त्या बाई सभा संपल्यावर घरी गेल्या नाहीत. नगरसचिवांच्या कार्यालयात जाऊन त्यांनी ठरावाची प्रत मागितली. कारकुनानं सांगितलं, “इतिवृत्त कायम झाल्यावर मिळेल, पुढच्या महिन्यात या.” त्यांनी तिथंच अर्ज लिहिला, पोच घेतली आणि ती पिशवीत इतर कागदांच्या वर ठेवली. सभागृहात त्यांना बोलता आलं नव्हतं, पण त्या ठरावाला आता कोणीतरी विचारणारं होतं. ‘मंजूर’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना तो विषय महिन्याभरानंतर आठवेल? त्यांना आठवणार होता.

हे त्यांनी स्वतःच्या वस्तीसाठी केलं. यापुढची पायरी अवघड आहे: दुसऱ्याच्या वस्तीच्या पाण्यासाठी एखादा दिवस त्या बाकावर बसणं. बोलायची परवानगी नसली तरी पाहायची आहे आणि तेवढ्यानंही खालच्या कारभाराला थोडी शिस्त लागते. कार्यपत्रिका आधी मिळवावी, चाळावी आणि जिच्यात आपला एकही विषय नाही अशी एक सभा निवडून जाऊन बसावं. अडचण एवढीच, की त्या दिवशी आपल्याला हमखास दुसरं काम निघतं.