इस्त्री कोणासाठी?

१९१२ साली जोहान्सबर्ग येथील मेजवानीपूर्वी नामदार गोखल्यांचे उपरणे चुरगळलेले होते. न्यायमूर्ती रानड्यांची ती भेट. गोखले विशेष प्रसंगीच ते वापरीत. इस्त्री करण्यास गांधीजी पुढे सरसावले, तेव्हा त्यांच्या वकिलीवर विश्वास असलेले गोखले त्यांच्या परीटकामाविषयी मात्र साशंक होते. (इस्त्री उत्तम झाली!)

ती सुरकुती गोखल्यांना रानड्यांच्या आठवणीपोटी बोचली असावी. आमच्या घरांतून इस्त्री फिरते ती बहुधा चारचौघांच्या नजरेसाठी, आणि फिरवते घरची गृहिणी. तिच्या साडीची पाळी शेवटी. ताठ कॉलर ज्याला हवी, त्याचा हात इस्त्रीला का लागू नये, हे आम्ही क्वचितच विचारतो. आजीची पैठणी तेवढी वर्षातून एकदा, वर सुती कापड पसरून, आम्ही जपून इस्त्रीखाली घेतो.